भूगोलाच्या बाई आणि दिगूचं मशीन

मी लातूरच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. भूकंपाची कारणं फळ्यावर लिहून पोरींकडून घोकून घेतली. आणि तरीही एका भर दुपारी, अंगणातल्या शेडमध्ये एक लाकडी चौकट थरथरली एवढ्यावरून, कणकेची परात हातात घेऊन "भूकंप, बाहेर या" असं ओरडत मी रस्त्यावर पळाले. चप्पल नाही, पदराचं भान नाही... आणि भूगोलाच्या बाई ओरडताहेत म्हटल्यावर अख्ख्या गल्लीनं विश्वास ठेवला.

ती चौकट माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची. नांदेडच्या दवाखान्यात तो गेला, त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभेत लोक त्याला द्रष्टा म्हणाले, जिद्दी म्हणाले. हेच लोक पूर्वी त्याला बघून कपाळाशी बोट फिरवायचे. हिणवणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढं होते, त्यामुळं या सभेतली ढोंगं मला जरा लवकर ओळखू आली.

दिगूनं लग्न केलं नाही, माझ्याच घरी राहायचा. आमच्या गल्लीतल्या एका क्लासात तो फिजिक्स शिकवायचा. गल्ली कसली, कोंडवाडाच. ज्याच्या घरात खोली त्यानं हॉस्टेल काढलं, ज्याच्याकडं नुसता जिना त्यानं जिन्याखाली मेस काढली. शेजारच्या वकिलांनी तर देवघराला पार्टिशन घालून दोन कॉट टाकल्या. क्लासच्या फलकावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो अंगठ्याएवढे आणि संचालक सरांचा दाराएवढा. सरांचा नियम असा, की क्लासच्या मास्तरानं दुसरा कुठलाही उद्योग करायचा नाही, घरीसुद्धा.

आणि दिगूला मशीन बनवायचं होतं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मोटारींनी कटर फिरवायचा आणि लाकूड आपोआप कोरून निघायचं. आता याला सीएनसी राउटर म्हणतात आणि फर्निचरवाल्यांकडं सर्रास दिसतं. तेव्हा आमच्याकडं त्याला खूळ म्हणत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर स्लॅबखाली झोपायची कुणाची छाती होत नव्हती, म्हणून आमच्या ह्यांनी अंगणात पत्र्याचं शेड घातलं होतं. पुढं भीती ओसरली, शेड अडगळीला राहिलं. तिथं दिगूनं संसार मांडला. प्लायवूडची चौकट, सरकायला ड्रॉवरचे चॅनल, पुढं-मागं ढकलायला आट्यांचे लोखंडी गज, मोडक्या प्रिंटरच्या मोटारी. पहिली चौकट त्यानं नजरेच्या अंदाजानं जोडली, ती तिरकी निघाली. खोलली. दुसरीत गज वाकडे. पुन्हा खोलली. "कपाटाचा ड्रॉवर उघडायला एवढं शिक्षण कशाला घेतलं म्हणते मी," असं मी शेजारणींना नव्हे, त्यालाच ऐकू जाईल असं भिंतीला सांगायची.

तो म्हणायचा, "अक्का, एक 'अ' सरळ कोरून निघू दे. त्याच दिवशी क्लास सोडतो. तवर कुणाला बोलू नको, नाहीतर लई अवघड होईल."

मी बोलले नाही. माझ्यासारख्या बाईनं गप्प राहणं ही केवढी तपश्चर्या... आणि ती मी एका आरोळीत घालवली. त्या दुपारी मोटारींनी अशी काही लय धरली की चौकट थडथडली, पत्रे वाजू लागले, शेडला लागून असलेल्या मांडणीवरची ताटं खाली आली. क्लासातून पोरं टेस्टचे कागद घेऊन बाहेर पडली, मेसवाली उलथणं घेऊन आली. 'संकटात शांत राहा' असं भिंतीवर रंगवून घेणारे संचालक सर पोरांना ओलांडून सगळ्यांच्या पुढं, एका पायात बूट. मग सगळ्यांना कळलं की जमीन जागेवर आहे, हलतंय ते फक्त आमचं शेड. सर आत गेले. बाहेर आले ते दिगूची नोकरी काढून घेऊनच.

मी पदर डोळ्यांना लावून बसले. दिगूनं विचारलं काय, तर "अक्का, तू पळालीस तेव्हा आवाज बारीक होता का जाड?" त्याला थरथरीचा नेमका वेग शोधायचा होता. दुसऱ्या दिवशी माझा दगडी पाटा उचलून नेला आणि चौकटीच्या बुडाला आवळून बांधला. त्या वजनानं थरथर बसली. 'अ' निघाला, जरा लंगडा, पण सरळ.

परीक्षा तोंडावर आली, फिजिक्स अर्धंच राहिलेलं, तेव्हा हेच सर माझ्या सोफ्यावर येऊन बसले. "चालू द्या की तुमचं मशीन, पण वर्गावर या," म्हणाले. दिगूनं त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाला. मी दारापर्यंत सरांच्या मागं धावले, स्वतःच्या भावाला त्यांच्यादेखत नालायक म्हणाले. पुढं तो नांदेडला गेला, मोठी मशीनं उभी केली, देवळांचे दरवाजे कोरले. शोकसभेत सर म्हणाले, "आमच्या परिवारातला संशोधक." मी मोठ्यानं खोकले. वय झालं की खोकल्याची एवढी सोय असते.

पहिलं मशीन अजून माझ्या शेडमध्येच आहे, बुडाला पाटा तसाच. मिक्सरमधल्या चटणीला चव नाही आली की मी दिगूच्या नावानं खडे फोडते, पण पाटा सोडवत नाही. शेवटचं भेटायला नांदेडला गेले, तेव्हा त्याच्या उशाशी बसून विचारलं, "खरं सांग, माझ्यावरच्या रागानं तू क्लासात परत गेला नाहीस, असं तर नाही ना?" त्याला धाप लागत होती. थांबत थांबत म्हणाला,

"तुझा कशाला राग, अक्का... तू ओरडलीस म्हणून पोरं बाहेर आली ना, त्यात माझ्या वर्गातली एक पोरगी होती. रस्त्यावरच्या लिंबाखाली बसून पोट धरून हसत होती. दोन वर्षं शिकवलं तिला मी. तिला हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं... मग परत कसं जायचं?"