खंडेनवमीला पुसलेला राउटर

लातूरच्या आमच्या बियाणे-खतांच्या एजन्सीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. पूजेआधीची पुसापुशी मालक स्वतः करतात. मालक म्हणजे अप्पा: वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर विभूती आणि धुळीशी जन्माचं वैर. वजनकाटा, गोणी शिवायचं मशीन, कंप्युटर, प्रिंटर, सगळं ते फडक्याने पुसतात. फडकं पोचत नाही तिथे टाचणी घालून मळ काढतात. त्या वर्षी त्यांनी राउटरचीही भोकं कोरली. त्यातल्या एका बारीक भोकात मळ नव्हता, रीसेटचं बटण होतं. अप्पा कुठल्याच कामात कसूर ठेवत नाहीत, त्यामुळे तेही त्यांनी चांगलं दाबून कोरलं. मग राउटरवर विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, आणि सगळे दिवे एकदम लुकलुकले तेव्हा हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपवून शटर उघडलं, तर बिल निघेना. इंटरनेट चालू, फोनवर सगळं दिसतंय, पण काउंटरच्या कंप्युटरला आतल्या खोलीतला मुख्य कंप्युटर सापडत नव्हता आणि प्रिंटर कुणालाच ओळखत नव्हता. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. देवणीचे, औशाचे दुकानदार टेम्पो घेऊन दारात उभे.

नेमका त्याच आठवड्यात नांदेडची नवी शाखा कुणाकडे द्यायची, याचा निर्णय व्हायचा होता. खोली घेऊन झाली होती. लातूरचा माल-हिशेब मीच बघत होते; नांदेडही मी सांभाळते, असं मी अप्पांना स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना मान्य होतं, फक्त एक सोडून.

"ताई, माल, हिशेब, गिऱ्हाईक, सगळं तुम्ही बघताल. पण हे कंप्युटरचं जाळं तिथं कोण बघंल? त्याला माणूस ठेवावा लागंल. आन् माणूस ठेवायचाच, तर शाखाच त्याच्या हाती का देऊ नये?"

हा हिशेब मला पटला नव्हता, पण तो खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. आमचं जाळं एका बाहेरच्या इंजिनिअरने लावलेलं. त्याच्याकडे मी सेटिंग लिहून मागितलं होतं, तेव्हा अप्पांच्या देखत तो हसला होता. "मॅडम, तुम्ही गोण्या मोजा. ह्याच्यात हात घालताल तर शॉक बसंल." अप्पाही हसले होते. मी हसले नव्हते.

आता त्यालाच फोन लावून अप्पांच्या टाचणीचं सांगितलं. तो म्हणाला, "रीसेट झाला म्हणता? मग सगळं नव्यानं आलं. मी गावाकडं हाय, परवा येतो. तोवर कुणी हात लावू नका."

फोन ठेवला आणि खुर्ची राउटरजवळ ओढली.

"त्यो येतो म्हणलाय न्हवं?" अप्पा म्हणाले.

"पेरणी त्याच्यासाठी थांबणार आहे का?"

देवणीचा दुकानदार पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "ताई, आरती नीट म्हणली न्हाई वाटतं त्याची."

"आरती झाली. आता कान उपटायचेत."

काम सुरू करण्याआधी क्रम लावायचा, ही माझी सवय. आधी पाहिलं, बदललं कोण? मुख्य कंप्युटरला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता होता १९२.१६८.१०.५. प्रिंटरचं बटण दाबून त्याचा कागद काढला, त्यावर शेवटचा आकडा २०, बाकी सगळं तेच. काउंटरचा कंप्युटर मात्र राउटर देईल तो पत्ता घेतो, आणि त्याला मिळाला होता १९२.१६८.०.३. म्हणजे सरळ होतं. पहिले तीन आकडे ही गल्ली, शेवटचा हा घर नंबर. मुख्य कंप्युटर आणि प्रिंटर जुन्या दहा नंबरच्या गल्लीत राहत होते आणि रीसेट झालेला राउटर शून्य नंबरच्या गल्लीत जाऊन बसला होता. हाका मारून उपयोग नव्हता. राउटरलाच जुन्या गल्लीत आणायला हवं होतं.

राउटर उलटा केला. रीसेटनंतर लागणारा पासवर्ड खालच्या चिकटपट्टीवरच छापलेला होता. इतकी वर्षं जो गुपित म्हणून आमच्यापासून लांब ठेवला, तसला पासवर्ड कारखान्यातून तळाला चिकटून येतो! काउंटरवर बसून राउटरचं पान उघडलं, त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला, सेव्ह दाबलं. चक्र फिरलं, फिरतच राहिलं, आणि पान गेलं.

"गेलं का?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि थोडं 'मी म्हणलं होतं' सुद्धा.

मी पडद्यावरचा पत्ता पुन्हा वाचला. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. पत्ता मीच बदलला होता आणि तरीही मी जुन्याच दारावर थाप मारत होते. वायर काढून पुन्हा खोचली, नवा पत्ता टाकला. पान उघडलं.

"गेलं नाही अप्पा, घर बदललंय."

आतला मुख्य कंप्युटर बंद करून परत लावला. आता बिल निघणार, म्हणून दुकानदार उठून उभे राहिले. तर पडद्यावर सूचना: हा पत्ता दुसऱ्या कुणीतरी घेतला आहे. पाच नंबर. राउटरच्या पानावर यादी पाहिली. मुख्य कंप्युटर बंद होता तेवढ्यात पाच नंबरच्या घरात एक फोन घुसला होता. तो फोन अप्पांच्या खिशात होता.

देवणीचा दुकानदार ओरडला, "अप्पा, घर खाली करा! आम्हाला हरभरा न्यायचाय."

"म्या काय केलं रे?" अप्पा खिसा चाचपत म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. पण हसत हसतच दुरुस्ती केली. राउटरने येणाऱ्या-जाणाऱ्यांना शंभरच्या पुढचेच नंबर वाटावेत, असं लावून टाकलं. शंभरच्या आतली घरं कायमच्या रहिवाशांची. अप्पांचा फोन बंद करून चालू केला, मुख्य कंप्युटर पुन्हा लावला, काउंटरवरून बिल सोडलं. प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कागद बाहेर आला. देवणीवाल्याने तो माझ्या हातात यायच्या आधीच ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. चालू असलेली बिलं पाहिली, मग म्हणाला, "कुणाला बोलावलं होतं?"

"कुणाला नाही."

"बरं, पासवर्ड सांगा. एकदा चेक करून देतो."

"पासवर्ड बदललाय. तो ऑफिसकडे राहील. काही अडलं तर बोलावीन, तेव्हा माझ्याशेजारी बसून करायचं आणि काय केलं ते मला सांगायचं."

"मॅडम, असं कुणी करत न्हाई."

"आता करतंय."

त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा वजनकाट्यावरच्या गोणीकडे पाहत होते. इंजिनिअर चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर अप्पा माझ्या टेबलाजवळ आले. टेबलावर नांदेडच्या खोलीचा आराखडा होता: काउंटर कुठे, गोण्या कुठे, वायर कुठून. त्यांनी चष्मा लावून तो सगळा पाहिला. राउटरच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "हे एवढं उंच कशापायी?"

"कुणाचा हात पोचू नये म्हणून."

अप्पांना ते समजलं. मिशीतल्या मिशीत हसले, मग गंभीर झाले. "ठीक हाय. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त चांगला हाय. तवा जावा तुम्ही नांदेडला."

"पाडव्यापर्यंत हरभरा पेरून होईल अप्पा. मी सोमवारी जाते."

अप्पांनी पंचांगाकडे हात नेला. मी टेम्पोवाल्याला फोन लावला.