आघाडी पिछाडीची, उमेदवार मक्केची

ज्या मंडळींचं आपसांत पटतं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. आमचं कधीच पटलं नाही, त्यामुळे किस्से इतके साठलेत की सौदीत अबकैकला आमच्या घरी पाहुणा आला की रेहाना, म्हणजे माझी बायको, चहा टाकायच्या आधीच त्याला विचारते, "आघाडी ऐकायचीय, की शांतपणे जेवायचंय?"

आघाडी म्हणजे आमच्या गावची. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं गाव. तिथे नगरपंचायत आहे आणि दोन मोठे पक्ष आलटून-पालटून ती जिंकतात. तिसरे आम्ही. नाव आघाडी, जागा कायम पिछाडीची! तरी दर निवडणुकीला नगराध्यक्षपदासाठी आमचा उमेदवार असतोच. कारण मोहल्ल्यात आणि कोळीवाड्यात अजून नळाला धड पाणी येत नाही, आणि दोन्ही मोठ्या पक्षांना ते दर पाच वर्षांनी एकदाच आठवतं.

आता गंमत अशी, की या आघाडीचे निम्मे कार्यकर्ते सौदीत. मी अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर सेफ्टीत. डॉक्टर सावंत दम्मामच्या इस्पितळात, सुट्टीला गाडी काढून आमच्याकडे येतात. झुबेर मदिनेत हॉटेलच्या रिसेप्शनवर. आणि आमचे सर्वेसर्वा इस्माईलचाचा मक्केत, हाजींच्या राहण्याची व्यवस्था बघतात. त्यामुळे उमेदवार ठरणार तो व्हिडिओ कॉलवर.

याला मीटिंग म्हणायचं नाही, अशी चाचांची सक्त ताकीद. "परक्या मुलखात पाहुणे आहोत आपण. आपण फक्त जेवतोय आणि गावच्या गप्पा मारतोय!" म्हणून प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर ताट घेऊन बसायचं. डॉक्टर सावंतांनी लोकशाहीवर जेवढी भाषणं केली, तेवढी सगळी हातात कोंबडीची तंगडी धरून केली!

*

यंदा उभं राहायची झुबेरला फार हौस. एका संध्याकाळी कॉल रंगात आला होता आणि आमच्याकडे मगरिबची अजान झाली. अबकैक पूर्वेला, मक्का-मदिना पश्चिमेला. आमचा सूर्य अर्धा-पाऊण तास आधी बुडतो. आम्ही नमाजाला उठलो. डॉक्टर तेवढे बसून होते, पण तेही नेमके रस्सा वाढून घ्यायला किचनमध्ये गेले.

परत येऊन बघतो तर झुबेरचं नाव एकमताने पास!

आम्ही परत जेवायला बसलो. वाट बघितली. थोड्या वेळाने मक्का-मदिनेत अजान झाली, ती मंडळी उठली. डॉक्टर म्हणाले, "सगळे आहेत ना? मी ठराव रद्द करण्याची सूचना मांडतो." तोही एकमताने पास.

चाचा परतले. "झुबेरचा ठराव कुठे गेला?"

डॉक्टर म्हणाले, "चाचा, सूर्याबरोबर तिकडेच मावळला!"

*

झुबेर हटला नाही. त्याने हॉटेलच्या मॅनेजरकडे लांब सुट्टी मागितली. मॅनेजर सौदी, वयस्कर, दिलदार माणूस. त्याने विचारलं, कशाला हवी सुट्टी? झुबेरला अरबी जेमतेम. नगराध्यक्षाला काय म्हणतात ते आठवेना. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी रईस होणार."

रईस म्हणजे राष्ट्राध्यक्षसुद्धा! मॅनेजर खुर्चीतून उठला. त्याने झुबेरला सोफ्यावर बसवलं, अरबी कॉफीचा कावा मागवला, खजुरांची थाळी पुढे केली. हॉटेलातल्या लोकांना बोलावून ओळख करून दिली, "हा आपला झुबेर. हिंदचा रईस होतोय!" झुबेरनेही दोन फोटो काढून घेतले.

कावा पिऊन झाल्यावर झुबेरने हळूच सुट्टीचा विषय परत काढला.

मॅनेजर हसून म्हणाला, "वा रे! रईसला कधी सुट्टी मागावी लागते का?" आणि अर्ज परत केला.

*

तेवढ्यात गावाहून बातमी आली. आरक्षणाची सोडत निघाली होती. नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव!

त्या दिवशीच्या कॉलवर नुसती ताटं वाजत होती. झुबेर तर जेवलाच नाही. शेवटी चाचा खाकरले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? बाई उभी राहील, कारभार आपण इथून बघू."

सगळ्यांचे चेहरे उजळले! झुबेर म्हणाला, माझी बायको शमीम गावातच आहे. चाचा म्हणाले, माझी सून फरजाना गावात आहे, घरातली आहे, सांगितलेलं ऐकते. मीसुद्धा, का लपवू, रेहानाकडे बघितलं.

रेहाना भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "कारभार तुम्ही बघणार ना? मग उभे पण तुम्हीच राहा. ओढणी मी देते!"

डॉक्टरांच्या हातातली तंगडी खाली पडली. पण रेहाना हसत नव्हती. हात धुऊन ती कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. "आणि हमीदाआपाचं नाव घ्यायला तुमच्या जिभेला काय झालंय?"

कॉलवर सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. कारण नाव सगळ्यांच्या मनात होतं आणि सगळे त्यालाच घाबरत होते.

हमीदाआपा आमच्याच मोहल्ल्यातली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मक्केच्या एका इस्पितळात नर्स. एकटीने मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं. मागच्या सुट्टीत गावी गेली, तेव्हा नगरपंचायतीचा पाण्याचा टँकर मोहल्ला सोडून एका पुढाऱ्याच्या बंगल्यात शिरत होता. आपा फाटकात हंडा टाकून त्यावर बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती बसून राहिली. पुढारी बाहेर आला. ती बसून राहिली. शेवटी टँकर मोहल्ल्यात आला.

चाचा म्हणाले, "अगं, पण ती कुणाचं ऐकत नाही!"

रेहाना म्हणाली, "म्हणूनच!"

*

चाचांनी अट घातली, मुलाखत होईल. फरजानाची झाली, ती शांतपणे हो-हो म्हणत राहिली. मग आपाची. आपा ड्यूटीवर होती, चहाच्या सुट्टीत इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून कॉलवर आली.

चाचांनी घसा साफ केला. "हमीदा, नगराध्यक्षाच्या दारात माणसांची झुंबड असते. एकाच वेळी दहा जण ओरडतात. तुला सांभाळता येईल..."

एवढ्यात तिच्या मागे गलका झाला. कुठल्यातरी देशातून आलेल्या यात्रेकरूंचा घोळका त्यांच्या एका आजारी माणसाला घेऊन थेट आत घुसला होता. सगळे एकदम बोलत होते, कुणी रडत होतं, कुणी वॉर्डबॉयची कॉलर धरली होती. आपाने फोन खिडकीत उभा करून ठेवला. आम्हाला सगळं दिसत होतं.

ती ओरडली नाही. एकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकावर बसवलं. दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं, आत पाठवलं, त्याच्या मुलाला सोबत जाऊ दिलं आणि बाकीच्यांना दाराबाहेर एका ओळीत उभं केलं. अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत, उरलेलं खुणांनी. कॉरिडॉर परत शांत.

आपाने फोन उचलला. ओढणी नीट केली. "हं चाचा, तुमचा प्रश्न राहिला. काय सांभाळता येईल का म्हणालात?"

डॉक्टर म्हणाले, "काही नाही, आपा. तू चहा पिऊन घे."

*

तरी मतदान झालंच, गावच्या कार्यकर्त्यांनाही कॉलवर घेऊन. चाचा सुनेच्या बाजूने हटून बसले होते. हात वर करून मतं द्यायची होती. मोजणी चालू असताना नेमकं मदिनेचं नेट गेलं आणि झुबेरचा चेहरा स्क्रीनवर गोठला. हात कानापाशी, अर्धवट वर. ते आपाला मत होतं की तो कान खाजवत होता, यावर आजही वाद आहे!

त्याचं मत सोडलं तर बरोबरी. आता गावाहून कॉलवर आलेली फरजाना तेवढी राहिली. चाचा समाधानाने म्हणाले, "बोल बेटा."

फरजानाने हात वर केला. हमीदाआपासाठी.

"फरजाना! स्वतःच्या विरुद्ध?"

"अब्बा, उभं राहायला मी घाबरत नाही," ती म्हणाली. "पण मी निवडून आले तर प्रत्येक गोष्टीसाठी तुम्हाला फोन करीन. आपा निवडून आली तर ती कुणालाच फोन करणार नाही. गावाला तशी बाई हवी."

चाचांनी चष्मा काढला. पुसला. मग एवढंच म्हणाले, "लिहा. हमीदा."

त्या दिवशी त्यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

*

निवडणूक लढवायची म्हणजे आपाला नोकरी सोडावी लागणार, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द होणार, फायनल एक्झिट. परतीचा रस्ता नाही. डॉक्टर सावंतांना ते सहन होईना. एरवी सगळ्यांची टिंगल करणारा माणूस, त्या दिवशी आमच्या घरून फोनवर तिची विनवणी करत होता. "आपा, खरं सांगतो. आपण पडणार. आजवर कधी जिंकलोय? कशाला चांगली नोकरी घालवतेस?"

आपा म्हणाली, "डॉक्टर, एक सांगा. पेशंट दाखल करून घेताना तो वाचणारच, याची खात्री करून घेता का तुम्ही?"

डॉक्टरांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

तिला जेद्दाच्या विमानतळावर सोडायला स्वतः चाचा गेले. रस्ताभर त्यांनी तिला भाषण कसं करायचं ते शिकवलं. सोडून आल्यावर मला फोन केला. मला वाटलं, तक्रार करतील.

"इम्तियाज," ते म्हणाले, "मी बोलत होतो आणि ती गाडीत झोपून गेली रे! आयुष्य सोडून निघालीय आणि शांत झोपलीय. विमानतळाचं वळण मीच चुकलो."

*

प्रचारात ती फरजानाला घेऊन घरोघर फिरली. एका मोठ्या पक्षाच्या पुढाऱ्याने बाजारपेठेत सभा घेतली आणि माइकवरून खिल्ली उडवली, "ह्या बाई काय, सौदीहून आलेल्या पाहुण्या! चार दिवस राहतील, जातील!"

आपा गर्दीत मागेच उभी होती. तिथूनच मोठ्याने म्हणाली, "पाहुणी ना मी? मग पाण्याचं तरी विचारा! गावात दारी आलेल्याला आधी पाणी देतात!"

व्हिडिओ आमच्यापर्यंत पोचेस्तोवर कोळीवाड्यातल्या बायका रिकामे हंडे वाजवत त्या सभेतून उठून गेल्या होत्या. चाचांनी तो व्हिडिओ मक्केतल्या प्रत्येक कोकणी माणसाला दाखवला. ओळख नसलेल्यांनासुद्धा!

*

आणि आपा पडली.

पहिल्यांदाच आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो, पण पडणं ते पडणंच. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी कॉल लावला. कुणाच्याही पुढ्यात ताट नव्हतं. झुबेरचे डोळे सुजलेले. डॉक्टर ड्यूटी बदलून आले होते. चाचांनी सुरुवात केली, "हमीदा बेटा, जे झालं ते अल्लाची मर्जी. आम्ही तुझी नोकरी घालवली, तुझं घर..."

"चाचा, थोडक्यात आटपा," आपा म्हणाली. "मला आत जायचंय."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की ती घरी नाही. मागे पिवळी भिंत, बाकडं, पाण्याचा माठ. नगरपंचायतीचं ऑफिस! बाजूला फरजाना, आणि तिच्यामागे जिन्यापर्यंत कोळीवाड्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या बायका.

शिपाई आडवा आला. बिचारा गोंधळला होता. "बाई, काल निकाल लागला ना? तुम्ही पडलात. अध्यक्ष दुसऱ्या बाई झाल्या."

"ठाऊक आहे," आपा म्हणाली. "मी निवडून आले असते तर त्यांना माझ्या दारात यावं लागलं असतं. पडले, म्हणून पाण्याचं विचारायला मी आले. जा, सांग आत."

शिपाई हलेना. आपाही हलेना. फोन फरजानाच्या हातात हलत होता, कधी छत दिसे, कधी दार.

आणि तिकडे मक्केत इस्माईलचाचा, ज्यांनी मीटिंगला कधी मीटिंग म्हणू दिलं नाही, खुर्चीवरून उठले आणि हाजींचं अख्खं हॉटेल ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडले, "अगं बघतेस काय त्याच्याकडे? यल्ला, चल, ढकल दार!"