चिंचेवर थांबलेले नाना

"धरेल शे ना?"

झाडाच्या बुंध्याशी चपला काढून ठेवल्या की नाना हे विचारायचे. मी दोराचा शेवट दोन्ही हातांत घेऊन उभा असायचो, म्हणायचो, "धरलाय, नाना." ते मान डोलवायचे, खोडाला हात लावायचे आणि वळून पुन्हा तेच विचारायचे. पहिल्या फांदीवर पोचल्यावर वरून एकदा. कोयता काढण्याआधी आणखी एकदा.

जळगावला बागखात्यात मी लागलो तेव्हा नाना तिथले जुने झाड चढणारे होते. सोनगीरचा माणूस, कामासाठी इकडे आलेला, पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा. रस्त्यावर आलेल्या, तारांना टेकलेल्या, घरांवर झुकलेल्या फांद्या छाटायचं आमचं काम. दोर वरच्या मजबूत फांदीच्या बेचक्यातून घ्यायचा, एक टोक नानांच्या कमरेला, दुसरं माझ्याकडे. मी तो बुंध्याला वेढा देऊन धरायचा. ते चढतील तसा दोर ओढून घ्यायचा, ते पुढे सरकतील तसा सोडायचा. त्यांचा पाय सुटला तर मधे फक्त मी.

झाडावर चढणारा माणूस म्हणजे निधडा गडी, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. नाना घाबरट होते. रोज सकाळी चहाच्या टपरीवर बसून ते सगळा दोर बोटांतून सरकवत तपासायचे, चहा तोवर गार. कुठे एखादा धागा उसवलेला लागला की त्यांचा चेहरा उतरायचा. दोरावर कुणाचा पाय पडलेला त्यांना खपायचा नाही. मला तो सोवळ्यातला प्रकार वाटला. विचारलं तर म्हणाले, "चप्पलले काटा ऱ्हास. दोर कापाई जास."

घरी दोर खुंटीवर टांगलेला असे. उंदीर कुरतडतील म्हणून त्यांनी मांजर पाळलं. मग मांजर दोराशी खेळायला लागलं, म्हणून दोर पत्र्याच्या पेटीत गेला आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, साड्या खुंटीवर आल्या. पुढे ऑफिसनं कमरेचा चामडी पट्टा दिला, खांबावर चढणारे वापरतात तसला. नाना तो इतका घट्ट बांधायचे की उतरल्यावर लवकर सुटायचा नाही. कितीदा तरी ते पट्ट्यासकट सायकलवर बसून घरी गेले. वाटेत पोरं विचारत, "नाना, सायकलवरून पडायची भीती वाटते का?" नाना गंभीरपणे म्हणत, "वाटस ना."

अक्का मात्र कधी काही विचारायच्या नाहीत. दुपारी डबा घेऊन आल्या तर झाडाकडे पाठ करून बसायच्या. नाना खाली आल्याचा आवाज आला की डबा उघडायच्या.

एका वर्षी वैशाखात मोठी वावटळ झाली. पिंप्राळ्याच्या कडेला एका वस्तीत जुनी चिंच होती, तिची एक जाडजूड फांदी खोडाशी फाटून पत्र्याच्या घरावर लोंबत राहिली. घरातली माणसं बाहेर काढली होती. फांदी कधीही येईल अशी स्थिती. नाना बराच वेळ खालून बघत राहिले. मग म्हणाले, "आज नको." पण शेजारच्या घरात बाळंतीण होती, तिला हलवायला कुणी तयार नव्हतं. तिची आई येऊन नानांसमोर नुसती उभी राहिली. नानांनी चपला काढल्या.

फांदी आधी दुसऱ्या दोरानं बांधायची, मग थोडी थोडी कापून हळूच खाली घ्यायची असं ठरलं होतं. ती बांधून झाली. नानांनी पहिले काही घाव घातले आणि फांदी स्वतःच सुटली. आवाज आधी आला. बांधलेला दोर कडकन तुटला, फांदी पत्र्यावर गेली, नानांच्या पायाखालचं लाकूड तिच्याबरोबर गेलं. माझ्या हातातला दोर एकदम ओढला गेला. तळवे भाजले. वेढा बुंध्याला होता म्हणून मी उभा राहिलो. वर नाना हवेत फिरले, झोका खाऊन खोडाशी आले आणि त्यांनी खोडाला मिठी मारली.

घर रिकामं होतं. कुणाला लागलं नाही. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही.

पण नाना खाली येईनात.

"नाना, या आता. दोर पक्का आहे."

बऱ्याच वेळानं अगदी बारीक आवाज आला, "माले उतरता येत नही."

मला वाटलं हात मोडला. तसं नव्हतं. हात खोडाभोवती आवळलेले होते आणि ते सुटत नव्हते. मी दोर ढिला करायला गेलो की ते ओरडायचे. लोक जमले. कुणी म्हणालं आगीचा बंब बोलवा, कुणी शिडी आणली, ती अर्ध्यापर्यंतही पोचली नाही. एकजण खालून हसला. ऊन डोक्यावर आलं. माझ्या तळव्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि मनात एकच, यांना चक्कर आली तर हा पट्टा किती वेळ टिकेल. त्यांनी वरून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, धरलाय म्हणून. त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.

शेवटी एकाला सायकलवर अक्कांकडे पिटाळलं.

अक्का रिक्षानं आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून झाडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. त्या बुंध्याशी आल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आयकी ऱ्हायनात का? पीठ सरी गयं. चक्कीवर कोन जाई?"

वरून नाना म्हणाले, "मी जासू."

"कव्हय?"

"येस ना."

"गिलका ठेयेल शेतस. भाजी करू का वरणमा टाकू?"

एक हात खोडावरून सुटला. "भाजीच कर."

"डावा पाय खाले बेचकाले लावा. मिरची टाकू का?"

पाय खाली आला, चाचपडला, टेकला. "थोडीच."

मी दोर वीत वीत सोडत होतो. अक्का मिरचीबद्दल, चक्कीवाल्याबद्दल, गळक्या माठाबद्दल बोलत राहिल्या, आणि मधेच कुठला पाय कुठे ते सांगत राहिल्या. नाना जमिनीवर आले तेव्हा अक्कांनी त्यांचा हात धरला नाही. पट्ट्याचं बक्कल सोडवलं आणि म्हणाल्या, "चला." रिक्षात बसताना मात्र अक्कांचा पाय पायरीवरून दोनदा निसटला.

त्यानंतर नाना चढले नाहीत. साहेबांनी समजून घेतलं. चढायचं काम माझ्याकडे आलं आणि दोर नानांच्या हातात. ते इतका ताणून धरायचे की मला फांदीवर वळता येत नसे.

"नाना, ढील द्या. हलता येत नाही."

"हलू नको मंग."

खालून सतत सूचना. पाय कोठे ठेवस ते देख. घाई करू नको. पान पडलं तरी दचकायचे. मी चिडायचो, हसायचो, पण त्या काळात मी झाडावर कशाचीच काळजी केली नाही. ती सगळी खाली कुणीतरी करत होतं.

निवृत्तीनंतर दोघं सोनगीरला गेले. पुढे काही वर्षांनी एका हिवाळ्यात नाना छातीच्या दुखण्यानं घरीच वारले. मी जाऊन आलो. अक्का दारात बसल्या होत्या. "तू चढस का आजून?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी एका निंबावर चढलो. दोर धरायला नवा गडी होता, भला माणूस, मजबूत. अर्ध्यावर पोचलो आणि थांबलो. खाली पाहिलं. त्यानं वेढा नीट दिला होता, दोन्ही हात दोरावर, नजर माझ्यावर. कुठेही चूक नव्हती. वारा होता, पानं हलत होती, खालून काही ऐकू येत नव्हतं.

मी उतरलो.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आधी चहा घेऊ. दोर बरोबर आण."