न ओळखण्याची अट

लेकीच्या सातवीच्या वर्गाची मुक्कामी सहल तळेगाव दाभाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या साहस शिबिरात जाणार होती. मुलींबरोबर एक आई हवी, असं शाळेने ग्रुपवर कळवलं. एरवी भल्या पहाटे सुविचार पाठवणाऱ्या समस्त माता एकाएकी आजारी पडल्या, नाहीतर त्यांच्याकडे पाहुणे आले. मी "कोणीतरी जायला हवं ना" एवढंच लिहिलं. त्याखाली टाळ्यांची रांग लागली आणि माझी बिनविरोध निवड झाली.

बातमी ऐकून लेकीने ताट बाजूला सारलं. मग वाटाघाटी झाल्या. ओरडायचं नाही, हातवारे करायचे नाहीत आणि मुख्य म्हणजे मला ओळखायचं नाही, अशा तिच्या अटी होत्या. "बाकीच्या तुला काकू म्हणतील, मी पण काकूच म्हणणार," ती म्हणाली.

हे काही उगाच नव्हतं. मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपची सुपरवायझर आहे. तिथे पत्रा दाबणाऱ्या मशिनी दिवसभर धडाधड आपटत असतात आणि सगळ्यांच्या कानांत बोळे असतात. त्यामुळे आम्ही एकतर बोंबलतो, नाहीतर हातांनी बोलतो. डोक्यावर मूठ ठेवली की सुपरवायझरला बोलावणं. तळवा खाली दाबला की हळू. बोट गोल फिरवलं की चालू कर. अंगठा आणि बोट जुळवलं की पीस ओके, म्हणजे माल पास. लेक या खुणा बोलायच्या आधी शिकली. लहानपणी भाताचा घास उशिरा आला तर बोट गोल फिरवायची. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात ती स्टेजवर भरभर बोलत सुटली, तेव्हा मी शेवटच्या रांगेतून तळवा दाबून दाखवला. दिसला नसेल म्हणून ओरडूनही सांगितलं. तेव्हापासून घरातही खुणा बंद झाल्या. मला ते फार लागलं होतं.

मोशीहून बस निघाली. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरांच्या गराड्यात ती जे काही अडकली, त्याच्या पासंगाला शिबिरातला एकही साहसी प्रकार पुरला नाही. फाटकावर पाटी होती, 'मातीशी नातं जोडा'. आमच्या सोसायटीच्या चारी बाजूंना बांधकामं चालू आहेत, पोरं रोज डब्यातल्या भाजीबरोबर माती खातात. तरी नातं जोडायला एवढ्या लांब यावं लागलं. जंगलातलं जेवण म्हणून पनीर आणि नूडल्स मिळाल्या. तिथला प्रशिक्षक पोरगा सारखा "गाईज, कम्फर्ट झोनच्या बाहेर या" म्हणत होता. माझ्या कम्फर्ट झोनमध्ये मशिनीखाली चुकून हात गेला तर तो परत येत नाही, पण त्याला कुठे समजावत बसू.

मी अटी पाळल्या. लेकीने मला दोनदा "काकू, पाणी कुठंय?" असं विचारलं, तेही इतक्या सराईतपणे की ही माझीच ना, अशी मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी दोरांचा पूल होता. दोन खांबांच्या मध्ये पायाखाली एक दोर, धरायला दोन. कमरेच्या पट्ट्याचा हूक मी प्रत्येकीचा ओढून पाहिला होता, त्यामुळे पडायची भीती नव्हती. पण हे लेकीच्या पायांना कोण सांगणार? ती मधोमध जाऊन थिजली. मैत्रिणी खालून एकदम ओरडायला लागल्या, पुढे जा, मागे ये, खाली बघू नको. प्रशिक्षक शिट्ट्या मारत "यू कॅन डू इट" म्हणत होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, तुम्ही बोला ना काहीतरी!" वर्गशिक्षिका मला म्हणाल्या.

आवाज घशाशी आला होता. मी ओरडले असते तर ती पूल ओलांडून आलीही असती, पण मग या वर्गात तिचं काय राहिलं असतं? मी हाताची घडी घट्ट घातली.

आणि मग तिने एक हात दोरावरून सोडवला, सावकाश वर नेला आणि हेल्मेटवर मूठ ठेवली.

मी घडी सोडली. तळवा खाली दाबला. हळू. तिने श्वास घेतलेला मला खालून दिसला. मग मी बोट गोल फिरवलं. तिने पाय सरकवला. मी पुलाखालून तिच्याबरोबर चालत राहिले, तळवा, बोट, पुन्हा तळवा, आणि ती पलीकडे पोचली. ही सगळी पॉझिटिव्ह एनर्जीची कमाल, असं प्रशिक्षकाने जाहीर केलं. मीही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

ती उतरून मैत्रिणींच्या घोळक्यातून माझ्याकडे आली. "काकू, पाणी आहे?"

मी झाकण काढून बाटली दिली. तोंड वर करून पाणी पिताना तिने दुसरा हात कमरेपाशी, कुणाला दिसणार नाही असा धरला आणि अंगठा आणि बोट जुळवलं.

इतकी वर्षं ही खूण मीच लोकांना देत आले आहे. मला कुणी पास केल्याची ही पहिलीच वेळ. बाटलीचं झाकण हातात धरून मी सगळ्या वर्गासमोर रडले. रडायचं नाही, अशी अट काही तिने घातली नव्हती.