भाजल्यावरचा उतारा

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या शेजारीणबाई आयर्लंडमधल्या खेड्यातल्या. अंगणातलं गवत कापताना मधलं चार मीटरचं वर्तुळ त्या तसंच सोडतात. त्यांच्या गावी जुन्या गोल गढ्यांत अदृश्य लोक राहतात म्हणून कुणी नांगर घालत नाही.

"इथे कुठे गढी?" मी विचारलं.

"नसेल. विषाची परीक्षा कशाला?"

भाजल्यावरचा उतारा त्यांच्या घराण्यात चालत आलेला. हात धरून पुटपुटायचं. आभार मात्र मानायचे नाहीत, गुण जातो. माझा विश्वास नाही.

त्या वर्षी आमच्या गल्लीत निम्म्या घरांत विद्यार्थी भाड्याने राहत होते. आमच्याकडची मुलगी नर्सिंगची. सोमवारी तिची प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, सुरू होणार, आणि शनिवारी कुकरच्या वाफेने हात भाजला. बाईंनी तो बराच वेळ नळाखाली धरला, मग पुटपुटल्या. मुलगी सवयीने म्हणाली, "थँक यू सो मच, आंटी!"

"अगं, काय केलंस हे!" बाई घाबरल्याच. घरातल्या सपातांवरच गाडीकडे निघाल्या. "चल, आता डॉक्टरच."

डॉक्टरांनी पट्टी बांधली. प्लेसमेंट आठवडाभर पुढे गेली, पण हात वाचला. परतताना मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती.

"डॉक्टरांना थँक यू म्हणालीस ना?" बाईंनी विचारलं.

"नाही. भीती वाटली."

"वेडी! त्यांच्या औषधाला काही होत नाही."