उस्मानभाईंची हाक

पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, त्याच दिवशी उस्मानभाईंनी मला पहिला धक्का दिला. ते आमचे फोरमन, वयाने आणि हुद्द्याने वडील. पण मला पाहताच खुर्चीवरून उठले, आधी स्वतः सलाम केला आणि माझ्या थोरल्या मुलाचे नाव विचारले. मी ‘विलास’ म्हणताच, “या, विलासचे वडील,” म्हणाले. मी चाटच पडलो. इतर खात्यांत आम्हाला नंबराने, नाहीतर लंगड्या, बुटक्या असल्या नावांनी हाका पडत.

कुणालाही हिणवणाऱ्या नावाने पुकारू नये, ही त्यांच्या धर्माची शिकवण. आणि थोरल्या अपत्याच्या नावाने हाक मारणे हा त्यांच्यात मान, हे मला पुढे कळले. त्यांच्या खात्यात झाडूवाल्यांनाही तोच मान मिळे.

पण खरा हादरलो तो तुकारामांच्या वेळी. चाकणकडचे तुकाराम आमच्याच खात्यात प्रेस मशीन चालवत. त्यांची एकुलती एक लेक, शेवंता, काविळीने गेली. बऱ्याच दिवसांनी ते आले, तेही नोकरी सोडतो म्हणून सांगायला. चुकूनही तिचे नाव काढायचे नाही, असे आम्ही सगळ्यांनी ठरवले होते. आणि उस्मानभाई उठून पुढे झाले, सलाम केला आणि सर्वांदेखत म्हणाले, “या, शेवंताचे वडील.”

माझ्या हातातला पाना खाली पडला. हा कसला मान, की जखमेवर मीठ? मी मुळात तापट. तिथेच त्यांच्यावर आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, “मुलगी गेली, म्हणून यांचं बापपण मी कसं काढून घेऊ?”

तुकाराम भिंतीला टेकून ढसाढसा रडले. मग मलाच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, भाऊ. घरात, गावात कुनीच तिचं नाव घेत न्हाई. जनू ती झालीच नव्हती.” नोकरी त्यांनी सोडली नाही.

आता साठीच्या उंबरठ्यावर उस्मानभाई निवृत्त होत आहेत. सत्काराची तयारी चालू असताना तुकारामांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सायेब गेल्यावर मला शेवंताचा बाप कोन म्हननार?” “मी म्हणेन, शेवंताचे वडील,” असे तोंडून निघून गेले आणि मीच दचकलो. ते हसले, पण हाक त्यांना उस्मानभाईंच्याच तोंडची हवी आहे.

म्हणून प्रकृती सांभाळा, उस्मानभाई. परमेश्वर आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य देवो. दर रविवारी थेरगावला आपल्या दारी शेवंताचे वडील येणार आहेत.