शेवटच्या चढापलीकडचं घर

अभ्यासाला असलेल्या इंग्रजी कादंबरीतला तो माळ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर तो पिवळाच आला. झाड नाही, वस्ती नाही, नुसता वारा, असं लिहिलं होतं; आणि तसं मी एकच पाहिलं होतं, सौदीतल्या आमच्या यान्बू शहराबाहेरचं वाळवंट. पुढे फोटो पाहिले तेव्हा कळलं, तो माळ ओला असतो आणि उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरतो. थोडी लाज वाटली. पण मनातला पिवळा रंग पूर्ण गेला नाही.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. अब्बा इथल्या तेल रिफायनरीत फिटर आहेत. मी दूरशिक्षणाने इंग्रजीत बी.ए. करते. काय वाचतेस, असं ते कधी विचारत नाहीत. आपल्याला समजणार नाही असं त्यांना वाटत असावं. मीही कधी आपणहून सांगितलं नाही.

कादंबरीतलं घर ज्यावरून सुचलं म्हणतात, ते पडकं दगडी घर इंग्लंडात अजून आहे. फोनवरच्या नकाशात मी त्या वाटेने इतक्यांदा गेले आहे की फाटकं किती, ओढ्यावरचा पूल कुठे, सगळं पाठ. खरोखर जायचं घरात कधी बोलले नाही. आम्ही सुट्टीत रत्नागिरीला जातो, तेही दोन वर्षांतून एकदा.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरमावशी यंदा बहिणीकडे इंग्लंडला निघाल्या. बहिणीचं गाव त्या माळापासून तासाभरावर. तीन दिवस मी जिन्यात घुटमळले आणि शेवटी विचारलंच, तिथे जाऊन व्हिडिओ कॉलवर मला ते घर दाखवाल का?

"म्हणजे चढायचं मी, आणि रस्ता सांगणार तू सोफ्यावर बसून?" त्या हसल्या. "बरं. गुडघे दुखले तर तुझ्या आईकडून सुरमई वसूल करीन."

शुक्रवारी दुपारी कॉल आला. अब्बा आत जरा झोपले होते. फोनमध्ये मेंढ्या, जांभळी झुडपं, पुढे चालणाऱ्या बहिणीची लाल टोपी. मी हळू आवाजात सांगत गेले, पूल ओलांडून डावीकडे, दुसऱ्या फाटकानंतर वर. मावशींनी विचारलं, आधी येऊन गेलीस की काय? मग शेवटचा चढ आला. तो चढला की घर दिसतं. नेमकं तिथेच चित्र थिजलं. राखाडी धुकं, बस. मावशी काही सांगत होत्या, पण त्यांचा आवाज वाऱ्यात बुडाला. नुसता वारा ऐकू येत राहिला. मी फोन तसाच धरून बसले.

अब्बा उठून आले ते थेट खिडकीकडे. खिडकी बंदच होती. बाहेर लख्ख ऊन.

"मला वाटलं धुळीचं वादळ आलं. मग हा वारा कुठला गो?"

मी फोन दाखवला. इंग्लंडातला, म्हटलं. ते शेजारी बसून ऐकू लागले. थोड्या वेळाने कॉल तुटला, तरी ते उठले नाहीत.

"कोण राहतं तिथं?"

"आता कोणी नाही. पुस्तकात राहायचे."

"मग सांग की. कोण राहायचे?"

माळ ओला होता, जांभळा होता, असं सांगायचं मनात होतं. तोंडून आलं, "रिफायनरीच्या मागे कसं आहे अब्बा, तसा माळ. झाड नाही." त्यांनी मान डोलावली. मग मी अडखळत सांगत गेले, दाराशी पावसात उभ्या राहिलेल्या नायकापर्यंत पोचले, आणि ते ऐकत राहिले. चहा निवला.

संध्याकाळी मावशींचा फोटो आला. धुक्यात दगडांची एक भिंत, तीही अर्धी. मी ज्यासाठी एवढे दिवस थांबले होते ते एवढंच होतं. अब्बांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवला.

"तो पावसात उभा राहिला ते दार कुठं आहे यात?"

फोटोत दार नव्हतं.

"ते मागच्या बाजूला आहे," मी म्हटलं. "तिथं गेल्यावरच दिसेल."